कॉफीकडच्या कुंदाताई

आमच्या समोरच्या कुंदाताई दिघे जगातली सगळी कामं तीन प्रकारांत टाकत: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग. ट्रंक कॉलचे हे तीन प्रकार. कुंदाताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून चिकटल्या त्या सुपरवायझर झाल्या, तरी घरी येताना हेडफोन तेवढा काढून येत, बाकी एक्स्चेंज सगळं बरोबर आणत. भाजी आणणं ऑर्डिनरी. गॅस संपणं अर्जंट. आणि जिन्यातून "माधवी, लायटनिंग" अशी हाक आली की मी तव्यावरची पोळी तशीच टाकून धावायची. जाऊन बघावं तर त्यांना पेपरात शुद्धलेखनाची चूक सापडलेली असायची.

अंधेरी पूर्वेला आमची तीन मजली इमारत. दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दार आणि आमचं दार समोरासमोर. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. उंच, काटक, केसांचा घट्ट अंबाडा, आणि आवाज असा की जिन्यात नुसतं "कोण आहे" म्हणाल्या तरी चोर सोडाच, पोस्टमनसुद्धा अर्ध्यावरून परतावा. लग्न केलेलं नव्हतं. का नाही, असं एकदा तळमजल्यावरच्या बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "लाईन बिझी होती."

पहिल्या भेटीत त्यांनी मला बसवलं, लाडू दिला आणि जरा वेळाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली. एक्स्टेंड करायचं?" मला वाटलं, हाकलतायत. मी उठले. तर त्यांनी हाताला धरून खाली बसवलं. "अगं, विचारलं नुसतं. सवय आहे."

पण त्यांचं खरं ब्रीदवाक्य वेगळं होतं. कुणी "होणार नाही" म्हटलं की त्या म्हणत, "हे नो रिप्लाय नव्हे. एंगेज आहे. परत लाव." दूधवाल्याला, रेशनवाल्याला, म्युनिसिपालिटीच्या पाणीवाल्याला, सगळ्यांना हा मंत्र ऐकवून झालेला होता. रेशनवाला तर त्यांना लांबून बघूनच तराजू पुसायला घ्यायचा.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला त्यांनी साठवलेल्या पैशांतून युरोपची सहल केली. बसमधून युरोप, बरोबर गाइड आणि डब्यातली पुरी-भाजी. "जन्मभर लोकांना परदेशी जोडून दिलं," त्या म्हणाल्या, "एकदा जाऊन बघते तरी, पलीकडे कोण बोलतंय ते." बरोबरच्या बायकांनी अत्तरं, साड्या आणि चॉकलेटं आणली. कुंदाताईंनी कॉफीचं यंत्र आणलं.

आपलं फिल्टर नव्हे. इटालियन. पितळेचं, वरून चकचकीत मुलामा दिलेलं, पोटात पाणी उकळायची टाकी, बाजूला वाफेची नळी आणि वर हातभर लांब दांडा. पाणी तापलं की दांडा खाली ओढायचा; आतला दट्ट्या पाणी दाबून कॉफीच्या पुडीतून काढायचा आणि खाली छोट्या कपात काळीभोर धार पडायची. विमानतळावर कस्टमच्या माणसाने विचारलं, "बाई, हॉटेल काढणार का?" त्या म्हणाल्या, "तुम्ही गिऱ्हाईक होणार असाल तर काढते."

माटुंग्याहून बिया आणायच्या, घरी दळायच्या आणि संध्याकाळी ड्यूटीवरून आल्या की दार उघडं टाकून यंत्र सुरू करायचं. वाफेची शिट्टी जिन्यात ऐकू यायची आणि पाठोपाठ वास. आमच्या इमारतीत सगळे चहाचे. कॉफी म्हणजे जागरणाला किंवा उपासाला, तीही जायफळ घातलेली. पण त्या वासाने माणसं जिन्यात थबकायची. तळमजल्यावरच्या बाई, वरचे निवृत्त मास्तर, कधी सोसायटीची वर्गणी मागायला आलेले सेक्रेटरी. कुंदाताई सगळ्यांना आत ओढायच्या. काळी कॉफी कुणालाच झेपायची नाही, मग त्या वाफेने दूध फेसाळून वर ओतायच्या. मास्तर तीन चमचे साखर घालून प्यायचे आणि म्हणायचे, "कडू आहे, पण पाश्चात्त्य आहे." कुंदाताई यंत्राजवळ उभ्या, हातात कप, आणि सगळ्यांच्या बोलण्यावर सुपरव्हिजन.

वर्षभर हे छान चाललं. मग एका एप्रिलमध्ये दांडा ओढल्यावर धार खाली पडायच्या ऐवजी वरून पाणी उसळायला लागलं. दोन दिवसांनी दांडा ढिलाच पडला. ओढा, सोडा, काही नाही.

"माधवी, लायटनिंग," अशी हाक आली आणि त्या वेळी खरोखरच लायटनिंग होतं.

पहिल्यांदा आम्ही ते स्टेशनाजवळच्या दिनूभाऊंकडे नेलं. मिक्सर, इस्त्री, पंखा, सगळं दुरुस्त करणारा माणूस. टॅक्सीत कुंदाताईंनी यंत्र मांडीवर घेतलं होतं आणि वर शाल पांघरली होती. दिनूभाऊंनी शाल काढली, बघितलं, आणि एक पाऊल मागे गेले.

"ताई, हा मिक्सर नाय. कुकर पण नाय. हाय काय हे?"

"कॉफीचं मशीन आहे. दांडा काम करत नाही."

"त्यापेक्षा असं करा ना, भंगारमधी द्या. पितळ जाम चांगलं हाय."

कुंदाताईंनी शाल परत गुंडाळली. "मी तुमच्याकडे दुरुस्तीला आणलंय, दिनूभाऊ. तेराव्याला नाही."

मग त्यांनी ठरवलं की थेट कारखान्यालाच विचारायचं. यंत्राच्या बुडाशी मिलानचा पत्ता होता. आपल्या एक्स्चेंजमधून फुकट कॉल लावणं त्यांना सहज जमलं असतं, पण त्या असल्या बाबतीत भयंकर कडक. घरच्या फोनवरून इतर कुठल्याही गिऱ्हाइकासारखा कॉल बुक केला आणि दिवसभर फोनजवळ बसून राहिल्या. संध्याकाळी कॉल लागला. पलीकडचा माणूस इटालियनमध्ये बोलत होता, या इंग्रजीत. तो जोरात बोलायला लागला तशा याही जोरात बोलायला लागल्या. सगळा मजला ऐकत होता. "रबर," त्या ओरडत होत्या, "रबर रिंग. आर फॉर रत्नागिरी." तेवढ्यात मध्येच त्यांच्याच हाताखाली शिकलेली ऑपरेटर लाईनवर येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, थ्री मिनिट्स." कुंदाताई म्हणाल्या, "मला शिकवू नकोस. एक्स्टेंड कर."

शेवटी तिकडे इंग्रजी येणारी एक बाई मिळाली. तिने सांगितलं की यंत्र त्यांच्याकडे पाठवा. नुसते सुटे भाग भारतात पाठवत नाहीत.

"म्हणजे इथेच कोणीतरी शोधायला हवा," कुंदाताई फोन ठेवून म्हणाल्या. चेहऱ्यावर निराशा म्हणाल तर अजिबात नाही. उलट कोणीतरी कुस्तीला उभं राहिल्यासारख्या त्यांनी बाह्या वर केल्या.

याच सुमाराला त्यांचे धाकटे भाऊ प्रभाकर पुण्याहून आले. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, स्वभावाने गरीब, बहिणीचा मनापासून लळा. कुंदाताई त्यांना अजून प्रभ्या म्हणत. दर सहा महिन्यांनी ते एकच विषय काढत: ताईने रिटायर झाल्यावर हा फ्लॅट विकावा आणि पुण्याला त्यांच्याकडे राहायला यावं. कोथरूडला त्यांनी बंगला बांधला होता, त्यात ताईची खोली वेगळी ठेवली होती. त्या दिवशी मीही तिथे होते. टेबलावर यंत्र उघडं पडलेलं, आणि प्रभाकर त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हेच मी म्हणतो, ताई. एक कॉफीचं मशीन बिघडलं तर महिनाभर तू वणवण फिरतेयस. उद्या तू आजारी पडलीस तर तुझ्यासाठी कोण फिरणार?"

"मी काय मशीन आहे?"

"विषय बदलू नकोस. एकटीने सगळं निभावतं, हे म्हणायला ठीक आहे."

कुंदाताईंनी यंत्राच्या दांड्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "दसऱ्याला ये. वहिनीला घेऊन ये. याच यंत्राची कॉफी देईन तुला. नाही देता आली तर त्याच दिवशी बॅग भरते आणि तुझ्याबरोबर पुण्याला येते."

"ताई, मी काही पैज लावत नाहीये."

"मी लावतेय ना."

प्रभाकर माझ्याकडे बघायला लागले. मी पंख्याकडे बघायला लागले.

त्या रात्री जेवताना मी सुधीरला, माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पुण्याला जातायत म्हणायच्या. त्या यंत्राची फार तर फुलदाणी होईल." मला त्याचा राग आला, पण मनातून मलाही तेच वाटत होतं.

कल्पना मलाच सुचली. त्या काळात लग्नांमध्ये जेवणानंतर 'एक्स्प्रेसो' कॉफीचा काउंटर लावायची फॅशन आली होती. मोठं तांब्याचं यंत्र, फुसफुस वाफ, फेस, वर चॉकलेटची पूड. त्या यंत्राच्या माणसाला काहीतरी कळत असणार. मी हे बोलले मात्र, आणि कुंदाताईंनी विचारलं, "आज लग्न कुठे आहे?"

मे महिना. लग्न कुठे नव्हतं ते विचारायला हवं होतं. आम्ही पार्ल्याच्या एका हॉलमध्ये शिरलो. कुंदाताई जरीकाठी साडीत, हातात यंत्राचा काढलेला दांडा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. दाराशी गजरे वाटणाऱ्या बाईंनी हसून विचारलं, "आपण मुलाकडच्या की मुलीकडच्या?"

"कॉफीकडच्या," कुंदाताई म्हणाल्या.

त्या बाईंना ते बहुधा आडनाव वाटलं. "या ना, या ना," म्हणून त्यांनी आम्हा दोघींच्या हातावर गजरे ठेवले. कुंदाताईंनी नवरा-नवरीवर अक्षता टाकल्या, जेवायला मात्र ठाम नकार दिला. "बिनआमंत्रणाचं मी जेवत नाही," असं त्यांनी मुलीच्या काकांना सांगितलं, आणि ते बिचारे आपलंच काही चुकलं असं समजून दोन वेळा माफी मागून गेले.

काउंटरवर वसंत परब होते. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, कुडाळकडचे, राहायला जोगेश्वरीला. डोक्याला रुमाल बांधून ते वाफेची नळी दुधात बुडवत होते. कुंदाताईंनी एक कप घेतला, वास घेतला आणि खाली ठेवला.

"यात कॉफी कुठे आहे?"

परबांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "ताईनू, खरा सांगू? वाफ आसा नि साखर आसा. कॉफी नावापुरती. लग्नात कोण कॉफी पिऊक येता?"

कुंदाताईंना हा माणूस तिथल्या तिथे आवडला. त्यांनी कागद सोडला आणि दांडा काउंटरवर ठेवला. परबांनी तो उलटसुलट बघितला. मागे रांग लागली होती. कोणीतरी "अहो, कॉफी" म्हणत होतं.

"माका जमाचा नाय," परब म्हणाले. "मी इंजिनेर नाय. माझ्या मशीनीत दट्ट्योच नाय."

"बघितल्याशिवाय नाही म्हणू नका. ही लाईन एंगेज आहे, मी परत लावणार. उद्या कुठल्या हॉलमध्ये आहात?"

परबांनी सांगून टाकलं, ही त्यांची चूक. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या हॉलमध्ये. तिसऱ्या लग्नाला परबच हात जोडून म्हणाले, "ताईनू, मीच घराक येतंय. तुमी लग्नात येव नुको."

ते आले. टेबलावर वर्तमानपत्रं पसरून त्यांनी यंत्र खोललं आणि कुंदाताई शेजारी उभ्या राहून प्रत्येक स्क्रूला सूचना देत होत्या. "तुमी वायच बाजूक रवा," ते म्हणाले. कुंदाताई वायच, म्हणजे एक टाइल मागे सरकल्या. आतून दट्ट्या निघाला आणि त्याभोवतीची रबराची कडी परबांच्या बोटांत बिस्किटासारखी मोडली.

"ह्योच गेलो," ते म्हणाले. "आता असो रबर हय गावाचो नाय."

त्यांनी अंधेरी-जोगेश्वरीतली दुकानं पालथी घातली. कुकरचं रबर जाड, नळाचं पातळ. एक बसवून बघितलं तर उकळत्या पाण्यात फुगलं आणि दट्ट्या असा अडकला की तो काढायला मी, सुधीर आणि परब तिघांना लागावं लागलं. जून उजाडला. लग्नं संपली. परब म्हणाले, "मी भात लावूक गावाक जातंय. गणपती करून येतंय." आणि मोडक्या रबराचे तुकडे रुमालात बांधून, त्याबरोबर दट्ट्याही पिशवीत टाकून ते कोकणात निघून गेले.

इमारतीत सगळ्यांचं एकमत झालं की परब गेले ते गेलेच. मास्तर म्हणाले, "पितळ होतं ना ते?" सुधीर म्हणाला, "तुम्ही त्यांचा गावचा पत्ता तरी घ्यायचा." कुंदाताई म्हणाल्या, "पत्ता कशाला? ते सांगून गेलेत."

ते तीन महिने वाईट गेले. म्हणजे बाहेरून काही दिसत नव्हतं. कुंदाताई ड्यूटीवर जात, येत, रेशनवाल्याशी भांडत. पण संध्याकाळी त्यांचं दार उघडं असायचं आणि माणसं त्यावरून सरळ पुढे जायची. पाऊस, ऑफिस, मुलांचे अभ्यास. ज्याला त्याला घाई. मीही कधी दारातूनच "काय कुंदाताई" म्हणून कुलूप उघडायची. एकदा प्रभाकरांचा फोन आला तेव्हा मी तिथे होते. त्यांनी काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. कुंदाताई म्हणाल्या, "दसऱ्याला अजून वेळ आहे. आणि खोलीला रंग काढू नकोस. उगाच खर्च."

गणपती गेले. पितृपक्ष लागला. परबांचा पत्ता नाही. घटस्थापना झाली तरी नाही. कुंदाताईंनी कपाटावरची मोठी बॅग काढून पुसून ठेवली. मी बॅगेकडे बघत राहिले. "घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. "पैज म्हणजे पैज. हरले तर रडत नाही जायची, बँड लावून जाईन."

आणि सातव्या माळेच्या दिवशी बेल वाजली. परब दारात. उन्हाने काळे झालेले, खांद्याला पिशवी.

"उशीर झालो. आवस आजारी पडली होती," ते म्हणाले.

कुंदाताईंनी आधी आईचं सगळं विचारलं. ताप किती, डॉक्टर कोण, आता जेवते का. पार शेवटी दट्ट्याकडे आल्या. परबांनी पिशवीतून तो काढला. त्याच्याभोवती आता चामड्याची वाटी बसवलेली होती, स्टोव्हला हवा भरायच्या पंपात असते तशी, फक्त मोठी. "कुडाळात एक स्टोव्हवालो आसा. तेका दाखयलंय. तेणां सांगल्यान, रबर इसर, चामडा लाव."

यंत्र जोडलं. पाणी तापलं. कुंदाताईंनी दांडा ओढला आणि सोडला. दांडा बंदुकीतून सुटल्यासारखा वर गेला आणि कॉफीची पूड छतापर्यंत पोचली. परबांच्या रुमालावर, माझ्या साडीवर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, सगळीकडे कॉफी.

"वरती तर गेली," कुंदाताई चष्मा पुसत म्हणाल्या. "आता खाली आणा."

चामडं कोरडं होतं. ते खोबरेल तेलात भिजत घातलं. एका वाटीऐवजी दोन, पाठीला पाठ लावून बसवल्या. चव बघायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या कपाला कोल्हापुरी चपलेचा वास होता. दुसऱ्याला चपलेचा आणि खोबरेलाचा. परब यंत्र खोलायचे, गरम पाण्याने धुवायचे, परत जोडायचे. कुंदाताई दर वेळी नव्याने बिया दळायच्या. खंडेनवमीच्या दुपारी मी नववा की दहावा कप तोंडाला लावला आणि त्यात फक्त कॉफी होती. दांडा ओढताना अजून कुईं असा आवाज यायचा, बुडातून एखादा थेंब गळायचा. पण धार पडत होती, काळी, जाड, वर सोनेरी साय.

परबांनी खिशातून झेंडूची दोन फुलं काढली आणि यंत्राच्या दांड्याला बांधली. "आज हत्याराक फूल नाय घातला तर उद्या काम करूचा नाय." कुंदाताईंच्या घरात देव्हारासुद्धा नव्हता. तरी त्यांनी आतून हळदीकुंकवाची डबी आणली, कुठून आणली देव जाणे, आणि यंत्राला बोट लावलं.

दसऱ्याला प्रभाकर आणि त्यांच्या पत्नी आले. कुंदाताईंनी मलाही बोलावून ठेवलं होतं, साक्षीदार म्हणून. बॅग मुद्दाम समोर, दाराजवळ ठेवली होती. प्रभाकरांनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. मला वाटतं, त्यांना पैज जिंकायचीच नव्हती. कुंदाताईंनी दांडा खाली ओढला. कुईं झालं. कपात धार पडली. त्यांनी कप भावापुढे ठेवला, दूध न घालता.

प्रभाकरांनी एक घोट घेतला. मग दुसरा. कप रिकामा करूनच त्यांनी खाली ठेवला.

"कडू आहे," ते म्हणाले.

"साखर मागायची होतीस."

"ताई, खोली आहेच. कधी वाटलं तर."

"असू दे. त्यात तुझी पुस्तकं ठेव. तुझ्या बायकोला हॉलमधला तो पसारा आवडत नाही." वहिनी हसल्या. प्रभाकर उठले, बॅग त्यांनी स्वतः उचलून कपाटावर ठेवली आणि वाकून बहिणीला सोनं दिलं. कुंदाताईंनी आपट्याची पानं घेतली आणि त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, तोही असा की केस नीट करतायत.

जाताना दाराबाहेर प्रभाकर मला हळूच म्हणाले, "जरा लक्ष असू द्या तिच्याकडे."

आतून आवाज आला, "ऐकू येतंय. माझा जन्म दुसऱ्यांचं ऐकण्यात गेलाय, प्रभ्या."

ते गेल्यावर मी कप विसळायला थांबले. ओट्यावर कुंदाताईंचा कप होता, काठोकाठ भरलेला. मी तो उचलला. आत स्वच्छ पाणी होतं, कोमट झालेलं.

"तुम्ही कॉफी नाही घेतलीत?"

"मी घेत नाही."

"आज?"

"कधीच नाही. नाइट ड्यूट्या करून पोटाची वाट लागलीय. डॉक्टरने युरोपला जायच्या आधीच बंद केली. गरम पाणी घेते."

इतक्या दिवसांत मी त्यांच्या कपात डोकावले नव्हते. त्या उभ्या असत, कप ओठाला लावत, बोलत. त्यात काय आहे हे बघायचं कुणाला सुचणार? मी म्हटलं, "मग हे एवढं ओझं आणलंत कशाला? आणि ही सगळी धावाधाव?"

कुंदाताई यंत्र पुसत होत्या. हात थांबला नाही. वळून माझ्याकडे बघून, अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "चहाला कोण येतं गं? चहा ज्याच्या त्याच्या घरी असतो."

जे तोंडात आलं ते मी बोलले. "मी येईन की चहाला."

"चहाला नको येऊस. चहा माझा भिकार होतो." आणि त्यांनी फडकं झटकून दोरीवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना मी त्यांची बेल वाजवली. खरं तर मला उशीर झाला होता. कुंदाताईंनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"काय गं, सकाळीच? पाणीसुद्धा तापलेलं नाही अजून."

"असू दे. सहज आले."

त्या दारातच उभ्या राहिल्या, माझ्याकडे बघत. मग बाजूला झाल्या, मला आत घेतलं, आणि यंत्राकडे न जाता एक खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या.